वारेत दडलेला हिवताप



ज्या परिचारिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा आणि यावल तालुक्यांतल्या पाड्यांवर गेली. बाळंतपण आणि थंडीताप या दोन गोष्टी त्यांच्या कामात सतत एकमेकींच्या वाटेत येत. म्हणून त्यांच्या स्मृतीला साजेल असा विषय मी निवडला आहे: गरोदर बाईचा हिवताप, आणि त्यातही हिवतापाचे परजीवी वारेत शिरून काय करतात ते.

माझे म्हणणे आधीच सांगते. खानदेशातला हिवताप पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाला आहे. याचा आनंद मानावा. पण ज्या भागात हिवताप उतरणीला लागतो तिथे गरोदर बाईची काळजी वाढवावी लागते. तिच्या अंगात या रोगाशी झुंजण्याची शक्ती उरलेली नसते. तपासणाऱ्याच्या मनात हिवतापाची शंका येत नाही. आणि परजीवी अशा जागी जाऊन बसतो की बोटाच्या रक्तात तो सापडेलच याची खात्री देता येत नाही. या तीन गोष्टी जुळून आल्या की बाईचे रक्त आटते, बाळ पोटातच वाढायचे थांबते, आणि कागदावर मात्र हिवतापाची नोंद होत नाही. मग आपण म्हणतो, बाळ कमी दिवसांचे झाले, आई अशक्त होती, जेवण पुरेसे नव्हते. हे सगळे खरेही असेल. पण कारणांच्या यादीत हिवताप आहे की नाही हे आपण पाहिले होते का, हा माझा प्रश्न आहे.

आधी वारेकडे पाहू. बाळ रडले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. वार पडली, पूर्ण पडली, एवढे सुईण किंवा परिचारिका पाहते आणि ती पुरायला दिली जाते. दिवस पूर्ण भरलेले असतील तर तिचे वजन साधारण अर्धा किलो असते. तिच्या आत आईच्या रक्ताचे एक तळे असते. वडाच्या पारंब्या पाण्यात उतराव्यात तसे बाळाच्या बाजूचे असंख्य सूक्ष्म तंतू त्या तळ्यात सोडलेले असतात. तंतूंच्या आत बाळाचे रक्त फिरते, बाहेरून आईचे रक्त त्यांना न्हाऊ घालते. ही दोन रक्ते मिसळत नाहीत. मध्ये पेशींचा एक पातळ थर असतो. प्राणवायू, साखर, अमिनो आम्ले, लोह आणि आईची प्रतिपिंडे या थरातून बाळाकडे जातात. बाळाच्या शरीरातली घाण याच वाटेने आईकडे परत येते. सगळ्या तंतूंचा पृष्ठभाग उलगडून मांडला तर तो दहा चौरस मीटरहून अधिक भरतो. शेवटच्या महिन्यांत दर मिनिटाला आईचे सुमारे अर्धा लिटर रक्त या कामासाठी गर्भाशयाकडे येते. नऊ महिन्यांसाठी तयार होणारा आणि काम संपताच टाकून दिला जाणारा असा दुसरा अवयव माणसाच्या शरीरात नाही.

आता परजीवीकडे येऊ. आपल्या भागात हिवतापाचे दोन मुख्य परजीवी आहेत. एक प्लास्मोडियम फाल्सिपेरम, म्हणजे आरोग्य खात्याच्या बोलीतला पीएफ. दुसरा प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स, म्हणजे पीव्ही. वारेला सर्वांत मोठा धोका पीएफचा. तो तांबड्या पेशीत शिरला की सुमारे ४८ तास वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशींत शिरतो. या वाढीच्या उत्तरार्धात त्याने व्यापलेली पेशी ताठर होते. अशी पेशी रक्ताबरोबर फिरत राहिली तर पानथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकून नष्ट होईल. ते टाळण्यासाठी परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिने उभी करतो आणि त्यांच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसतो. अशी प्रथिने बनवणारी सुमारे ६० जनुके त्याच्याजवळ असतात. एका वेळी तो त्यांतले एकच वापरतो. शरीराने ते ओळखून प्रतिपिंडे तयार केली की परजीवींच्या पुढच्या पिढ्या दुसरे काढतात. ज्या प्रदेशात बारमाही हिवताप असतो तिथली माणसे लहानपणापासून पुन्हा पुन्हा आजारी पडून यांतली बरीच प्रथिने ओळखायला शिकतात. मोठेपणी त्यांना ताप येतो तो सौम्य असतो, किंवा येतही नाही.

बाई गरोदर राहिली की हे गणित बदलते. वारेतल्या तंतूंच्या पृष्ठभागावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा, साखरेच्या लांब साखळ्यांचा एक पदार्थ असतो. वारेतला हा पदार्थ एका विशिष्ट घडणीचा असतो. परजीवीच्या ६० जनुकांपैकी एक याच घडणीला चिकटणारे प्रथिन बनवते. त्या प्रथिनाला शास्त्रज्ञ व्हार-टू-सीएसए म्हणतात. बाईला वार नव्हती तोवर या प्रथिनाला चिकटायला जागा नव्हती, म्हणून ते तिच्या शरीराने कधी पाहिलेले नव्हते. पुरुषाच्या आणि लहान मुलाच्या शरीरानेही ते सहसा पाहिलेले नसते. वार तयार झाली, तळे आईच्या रक्ताने भरले, आणि परजीवीला मुक्कामाची नवी जागा मिळाली. तिथे रक्ताचा वेग मंद, अन्न भरपूर, आणि पानथरीची गाळणी लांब.

पहिलटकरणीला हा आजार सर्वांत जास्त का छळतो, याचे उत्तर इथे आहे. दाट हिवतापाच्या आफ्रिकी देशांत डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून दिसत होते. पहिल्या खेपेला बाई फिकी पडते, बाळ लहान होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्रास कमी होतो. कारण पहिल्या गरोदरपणात तिचे शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला शिकते, आणि पुढच्या खेपेला ती उपयोगी पडतात.

हे ज्ञान कसे जमले तेही सांगितले पाहिजे, कारण त्यासाठी लोकांनी वारेची रक्तपट्टी पाहण्याचे कष्ट घेतले. अल्फोन्स लाव्हेरां यांनी १८८० साली अल्जीरियात परजीवी पाहिला. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात दाखवला. १९१५ साली पनामात हर्बर्ट क्लार्क यांनी वारेतल्या रक्ताची काचपट्टी तपासण्याचे महत्त्व मांडले. बाईच्या बोटाच्या रक्तात परजीवी मोजके असताना वारेत त्यांची दाटी असू शकते, हे तेव्हापासून माहीत आहे. १९२५ साली सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला ब्लॅकलॉक आणि गॉर्डन यांनी असेच काम केले. १९३४-३५ मध्ये सिलोनात हिवतापाची प्रचंड साथ आली. तिथे कोलंबोचे प्रसूतितज्ज्ञ विक्रमसूर्य यांनी गरोदर स्त्रियांचे काय झाले ते पद्धतशीर नोंदवून ठेवले. चिकटण्याचे कोडे मात्र १९९६ मध्ये उलगडले. मिशाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी पश्चिम केनियातल्या मातांच्या वारांतून परजीवी काढले आणि ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए ला चिकटतात हे दाखवले. कोपनहेगनच्या अली सालांती यांच्या गटाने २००३ मध्ये त्या प्रथिनाचे जनुक ओळखले. वारेतला आजार दिसल्यापासून त्याचे कारण हाती लागेपर्यंत पाऊणशेहून अधिक वर्षे गेली.

परजीवी वारेत जमले की पुढे काय होते? त्यांना मारायला आईच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. या पेशी दाह पेटवणारी रसायने सोडतात. तंतूंवरचा पातळ थर जाड होतो. अमिनो आम्ले आणि साखर पलीकडे नेणारी व्यवस्था मंदावते. बाळाला वाढीसाठी लागणारी संप्रेरके कमी पडतात. परजीवी रक्तातले हिमोग्लोबिन खाऊन मागे एक तपकिरी-काळा रंगकण टाकतो. परजीवी औषधाने मेले तरी हा रंगकण वारेतल्या तंतुमय भागात बराच काळ राहतो. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली वार पाहिली की तो सांगतो: या बाईला गरोदरपणात हिवताप होऊन गेला होता, तिला तो कळला असो वा नसो.

परिणाम दोघांवर होतो. आईला रक्तक्षय होतो. बाळ कमी वजनाचे जन्मते, कधी दिवस भरण्याआधी जन्मते, कधी पोटातच दगावते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो की २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या मध्यम ते दाट हिवतापाच्या देशांत सुमारे साडेतीन कोटी गरोदरपणे झाली आणि त्यांतल्या १ कोटी २७ लाखांमध्ये हिवतापाचा संसर्ग होता. म्हणजे दर तिघींमागे एकीहून जास्त.

श्रोतेहो, ही आफ्रिकेची कथा आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. म्हणून आता खानदेशाकडे येते.

तापी, गिरणा, पांझरा, अनेर या नद्यांचा हा प्रदेश. उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे. जुन्या खानदेशाचा पश्चिम भाग तापासाठी बदनाम होता. मुंबई सरकारने १८८० साली छापलेल्या खानदेश गॅझेटिअरमध्ये जंगलपट्ट्यातल्या तापाची दखल आहे. पावसाळा संपला की त्या भागात जायला परका अंमलदार धजत नसे. १८२५ साली जेम्स आउटरॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारायला सुरुवात केली. त्यामागे राजकारण होते, आणि डोंगरातल्या हवेत टिकणारी माणसे डोंगरातच मिळतात हा अनुभवही होता. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. नकाशे बदलले, पण पायथ्याची पट्टी तीच राहिली: रावेर तालुक्यातले पाल, चोपड्यातले वैजापूर, शिरपुरातले बोराडी आणि पळासनेर, साक्रीचा पिंपळनेरकडचा भाग. इथे पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा आणि मावची समाजांची वस्ती आहे. इथल्या विहिरी, पाट आणि खडकांतली साचलेली डबकी म्हणजे अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासाचे घर. झऱ्यांच्या स्वच्छ वाहत्या पाण्यात अ‍ॅनॉफिलीस फ्लुव्हिअ‍ॅटिलिस वाढतो. जळगाव-धुळे शहरांत पाणी रोज येत नाही म्हणून लोक टाक्या आणि पिंपे भरून ठेवतात. तिथे अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी वाढतो. म्हणजे रोग पाड्यावरचाच आहे, हे समजणे शहरातल्यांनी सोडून द्यावे.

देशाचा इतिहासही आपल्याला सावध करतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. रोग गेला असे सगळे मानू लागले. १९७६ मध्ये तीच संख्या ६४ लाखांवर पोचली. त्यानंतर पुन्हा दीर्घ मेहनत झाली. २०१५ मध्ये देशात ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते, २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या जवळपास. महाराष्ट्रात आज बहुतेक रुग्ण गडचिरोली आणि मुंबईत सापडतात. खानदेश त्या मानाने शांत आहे. २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करायचे ध्येय आहे.

पण शांततेचा गरोदर बाईच्या दृष्टीने वेगळा अर्थ आहे. जिथे हिवताप तुरळक असतो तिथे कोणाच्याच अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती नसते. त्यामुळे आफ्रिकेत पहिलटकरणीला असलेला धोका इथे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईलाही असतो. आणि पीएफ झाला तर तो सौम्य राहत नाही. मेंदूचा हिवताप, रक्तातली साखर एकदम उतरणे, फुप्फुसांत पाणी होणे, या गुंतागुंती गरोदर बाईत अधिक होतात. शिवाय परिसरात रुग्ण कमी असले की काचपट्टी काढायची सवय मोडते. ताप आला की डेंग्यू, टायफॉइड, लघवीचा जंतुसंसर्ग यांचा विचार आधी होतो, आणि हिवताप आठवेपर्यंत दिवस निघून जातात.

आता पीव्हीबद्दल. हा सौम्य हिवताप, बाईला फार तर दोन दिवस हुडहुडी भरेल, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. पीव्ही वारेत पीएफसारखा दाटीने चिकटून बसत नाही, हे खरे. तरी बाळाचे वजन तो घटवतो. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या अभ्यासात पीव्ही झालेल्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०७ ग्रॅमने कमी भरले. आणि आपल्या शेजारचा पुरावा तर अधिक बोलका आहे. सातपुड्याच्याच रांगेजवळ, पुढे पूर्वेकडे, जबलपूर आहे. तिथे नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या गरोदर स्त्रियांच्या हिवतापाचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापला गेला. हिवताप झालेल्या मातांच्या १५५ नवजात बाळांचे सरासरी वजन, न झालेल्या मातांच्या १७५ बाळांपेक्षा ३५० ग्रॅमने कमी होते. ही घट पीएफमध्ये दिसली आणि पीव्हीमध्येही दिसली. आपल्याकडच्या बाळाचे वजन मुळातच अडीच किलोच्या रेषेजवळ घुटमळते. त्यातून साडेतीनशे ग्रॅम गेले तर बाळ कोणत्या बाजूला पडेल, हे सांगायला गणित लागत नाही.

या रेषेचे महत्त्व जन्माच्या दिवसापुरते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे हाडामांसाने बारीक होती, चरबीने मात्र तितकी बारीक नव्हती. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त राहतो, या विचाराला तिथून बळ मिळाले. पोटात असताना झालेली उपासमार शरीर विसरत नाही. आईला अन्न मिळाले नाही म्हणून वार उपाशी राहते, तशीच ती परजीवींनी तुंबली म्हणूनही राहते. पाड्यावरच्या बाईच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच पावसाळ्यात घडू शकतात.

रक्तक्षयाचेही तसेच. महाराष्ट्रात गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर जगाला उपयोगी पडलेले काम झाले आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ साली मुंबईत आली. गिरणी कामगार बायांना गरोदरपणात होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला आणि १९३१ मध्ये दाखवले की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ज्याला फोलिक आम्ल म्हटले गेले तो. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ते असते. हिवतापात तांबड्या पेशी फुटतात, त्या नव्याने बनवायला फोलिक आम्ल आणखी लागते. सातपुड्यात याच्या जोडीला सिकलसेल आहे. या आजाराचे एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक, माणसाला पीएफच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले. डोंगरातल्या समाजांत हे जनुक टिकून राहिले त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हिवताप आहे. पण दोन्ही पालकांकडून ते जनुक मिळालेल्या बाईला हिवताप झाला तर तिची स्थिती फार लवकर बिघडते. म्हणून सिकलसेलची तपासणी आणि हिवतापाची तपासणी या पट्ट्यात एकाच टेबलावर व्हायला हवी. हिमोग्लोबिन सात-आठ दिसले की लोहाच्या गोळ्या वाढवून आपण मोकळे होतो. रक्त का गेले, हे विचारणेही उपचाराचाच भाग आहे.

गरोदर बाईला डास जास्त चावतात, हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. गाम्बियात स्टीव्ह लिंडसे आणि सहकाऱ्यांनी हे मोजले, २००० साली प्रसिद्ध केले. गरोदर स्त्रियांकडे हिवतापाचे डास सुमारे दुप्पट आले. त्यांच्या श्वासातून बाहेर पडणारी हवा २१ टक्के जास्त होती, पोटाचा पृष्ठभाग ०.७ अंश सेल्सिअसने अधिक उबदार होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की या बाया लघवीसाठी रात्री मच्छरदाणीतून इतरांच्या दुप्पट वेळा बाहेर पडत होत्या. आपल्या पाड्यावर न्हाणीघर आणि संडास घरापासून लांब असतात, अंधारात बाहेर जावे लागते. घराजवळ संडास असणे ही हिवतापाविरुद्धचीही तरतूद आहे, हे ग्रामपंचायतीने लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट स्थलांतराची. आपल्या गरोदर बाईचा पत्ता नऊ महिने एकच राहत नाही. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात ती सासरच्या गावाहून माहेरच्या गावी जाते. कधी शिरपूरच्या डोंगरातून जळगाव शहरात, कधी उलट. कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे हिवतापाच्याच हंगामात, ती दिवसभर शेतात असते. पायथ्याची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीच्या भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास परततात. गरोदर बायाही सोबत जातात. परजीवी या प्रवासाबरोबर येतो आणि जातो. तपासणीचा कागद मात्र मागे राहतो. पीव्हीची आणखी एक खोड आहे. तो यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. जुलैत सासरी झालेला हिवताप नोव्हेंबरात माहेरी परत येऊ शकतो, आणि माहेरच्या डॉक्टरांना आधीचे काही माहीत नसते.

मग करायचे काय? आफ्रिकेत दुसऱ्या तिमाहीपासून गरोदर बाईला ठरावीक काळाने प्रतिबंधक औषध देतात. भारतात ते धोरण नाही, कारण आपला हिवताप विरळ आहे आणि त्यात पीव्हीचा वाटा मोठा आहे. त्यामुळे आपला सारा भरवसा शोधण्यावर आणि लगेच औषध देण्यावर आहे. शोधणे ढिले पडले तर आपल्या हातात दुसरे काही उरत नाही. म्हणून मी चार गोष्टी मागते.

पहिली मागणी तपासणीची. ज्या उपकेंद्रांच्या हद्दीत अजून हिवतापाचे रुग्ण निघतात, तिथे जुलैपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक गरोदर बाईची नोंदणीच्या वेळी आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत हिवतापाची तपासणी व्हावी, ताप असो वा नसो. आरडीके, म्हणजे झटपट निदानाच्या किटने, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. किट नकारात्मक आले आणि बाई फिकी पडत चालली असेल, तर काचपट्टी काढावी आणि पुन्हा काढावी. वारेत लपलेला परजीवी एका चाचणीत निसटू शकतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होतेच. त्या दिवशी रक्त तर काढायचेच असते, त्यातला एक थेंब याला द्यावा.

दुसरी मागणी औषधाची. पीव्हीला क्लोरोक्विन, ते गरोदरपणाच्या सगळ्या महिन्यांत चालते. पीएफला आर्टेमिसिनिन गटाची संयुक्त औषधे. पहिल्या तीन महिन्यांत पूर्वी क्विनीनच देत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या महिन्यांतही आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन वापरायची शिफारस केली. प्रायमाक्विन मात्र गरोदर बाईला देऊ नये, कारण पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याची भीती असते. पण यकृतात झोपलेला पीव्ही प्रायमाक्विनसारख्या औषधावाचून मरत नाही. म्हणून तिचे बाळंतपण झाल्यावर, योग्य वेळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने हा राहिलेला उपचार पूर्ण करायचा असतो. तो कोणी पूर्ण करायचा हे कुठेच लिहिलेले नसेल तर तो होत नाही. माता-बाल कार्डावर त्याची नोंद ठळक हवी. पोटात बाळ आहे म्हणून गोळ्या टाळणाऱ्या सासवांना आणि नवऱ्यांना मी एवढेच सांगेन की बाळाला औषधापेक्षा आजाराचा धोका कितीतरी मोठा आहे.

तिसरी मागणी मच्छरदाणीची. औषधी मच्छरदाण्या वाटल्या जातात तेव्हा घरात ती कोणाच्या खाटेवर लागते, हे आशाताईंनी जाऊन पाहावे. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कर्त्या पुरुषाची खाट आधी येते. गरोदर बाई आणि लहान मूल यांचा हक्क पहिला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या बोचक्यात ती मच्छरदाणीही गेली पाहिजे.

चौथी मागणी प्रवासाची नोंद ठेवण्याची. सासरचे उपकेंद्र आणि माहेरचे उपकेंद्र यांच्यात एक फोन पुरतो. यावलची परिचारिका पारोळ्याच्या परिचारिकेला सांगू शकते की अमुक बाई तुमच्याकडे येते आहे, तिला ऑगस्टमध्ये पीव्ही झाला होता. ज्यांच्या नावाने आपण जमलो आहोत त्या बाई हे पोस्टकार्ड लिहून करत असत. आज प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे.

लस येईल का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लहान मुलांसाठी आर-२१ या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. गरोदर बाईच्या वारेचे रक्षण करणाऱ्या लसीवरही काम चालू आहे. त्याच चिकटणाऱ्या प्रथिनाचा एक तुकडा घेऊन बनवलेल्या पॅमव्हॅक आणि प्रिमव्हॅक या दोन लसींच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या झाल्या आहेत. पण परजीवीच्या या प्रथिनाची रूपे अनेक आहेत, आणि एका रूपाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यावर पुरेशी चालत नाहीत. ही अडचण सुटेपर्यंत काचपट्टी, किट, गोळ्या आणि मच्छरदाणी यांवरच आपल्याला काम निभवायचे आहे.

शेवटी निर्मूलनाबद्दल. कोणत्याही देशाला हिवतापमुक्त ठरवताना सलग तीन वर्षे स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण नसणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची अट आहे. आपले जिल्हेही त्या दिशेने निघाले आहेत. पण शून्य आकडा दोन प्रकारे येतो: रोग नसला तर, आणि आपण शोधले नाही तर. तापाच्या रुग्णांच्या काचपट्ट्या मोजून आलेले शून्य पुरेसे विश्वासाचे नाही, कारण काही गरोदर स्त्रिया ताप न येताही परजीवी बाळगतात. उलट गरोदर बाई स्वतःहून आरोग्य केंद्रात येते, पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक गावातून येते. गावात हिवताप उरला आहे का, हे तिच्या रक्तातून जितके खरे कळेल तितके दुसऱ्या कोणाच्या रक्तातून कळणार नाही. म्हणून माझी या व्यासपीठावरून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदांना विनंती आहे की निर्मूलनाच्या अहवालात गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि तो भरल्याशिवाय कोणताही तालुका हिवतापमुक्त म्हणून जाहीर करू नये.